सूरत आणि माती

आमच्या भागात कुणी वारलं की लोक म्हणतात, ‘मातीला जायचंय.’ जाळायचं असो की पुरायचं, शब्द एकच. ‘माती कधी आहे?’ असं विचारतात, ‘माती झाली’ असं सांगतात. आमच्या घरच्या बोलीत त्यालाच ‘मिट्टी देना’ म्हणतात. काल ज्याला नावानं हाक मारली त्याच्यासाठी आज एवढाच शब्द उरतो. हा शब्द कितपत खरा, या प्रश्नावरून तेराव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यापीठात मास्तरांची पदं जायची वेळ आली होती. आज मला त्या भांडणाविषयी बोलायचं आहे. पण आधी माझं त्यात काय गुंतलंय, ते सांगतो.

माझे वडील १९९८ साली गेले. मिरजेतल्या एका लाकडाच्या वखारीत त्यांचं उभं आयुष्य गेलं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी करवतीचा एक जुना वण होता, पांढरट, बोटाच्या पेराएवढा. लहानपणी त्यांचा हात धरून शाळेला जाताना माझं बोट नेमकं त्या वणावर यायचं. ते गेले त्या सकाळी मोहल्ल्यातले एक वयस्कर चाचा गुस्ल द्यायला आले. बोरीची पानं घालून पाणी तापवलं, चादर धरली. आधी उजवी बाजू, मग डावी. डावा हात धुवायचं काम माझ्याकडे आलं.

वण तिथंच होता. तासाभरापूर्वी माझी फुफी ‘भाईजान, आँखां खोलो’ म्हणत होती. आता तीच बाहेरून विचारत होती, ‘मयत कू किधर रखना?’ मग हा वण कुणाचा? अब्बांचा म्हणावं, तर अब्बा नाहीत. मयताचा म्हणावं, तर मयताला करवत कधी लागली?

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. थॉमस अक्वायनस आणि त्याच्या काळातले वाद आम्ही मार्कांपुरते पाठ केले होते. ‘द्रव्य आणि रूप यांवर टीप लिहा’, पाच गुण. ती टीप मी लिहिलीही होती. तिच्यात माझ्या बापाच्या हाताचा विषय आहे हे मात्र त्या सकाळी कळलं. त्यानंतर मी ती पुस्तकं पुन्हा काढली.

मूळ विचार ॲरिस्टॉटलचा. निसर्गातल्या प्रत्येक वस्तूत दोन गोष्टी असतात : जिच्यापासून ती झाली ते द्रव्य, आणि जिच्यामुळं ती ‘ती’ झाली ते रूप. बाक घ्या. लाकूड हे द्रव्य, बाकपण हे रूप. पण इथं एक घोटाळा होतो. रूप म्हणजे डोळ्यांना दिसणारा घाट नव्हे. डोळ्याचं रूप म्हणजे पाहणं. ज्याचं पाहणं गेलं तो डोळा नावापुरता डोळा, दगडी पुतळ्याच्या डोळ्यासारखा. सजीवाच्या बाबतीत रूप म्हणजे त्याचा प्राण, त्याचा आत्मा. आत्मा शरीरात खोलीतल्या भाडेकरूसारखा राहत नाही. शरीराला शरीर तोच करतो. मग तो गेल्यावर जे उरतं त्याला शरीर म्हणायचं का? ॲरिस्टॉटल म्हणेल, नावापुरतं.

आता द्रव्याकडे या. वखारीत नुसतं ‘लाकूड’ कुणी पाहिलेलं नाही. साग असतो, शिसव असते, बाभूळ असते. गिऱ्हाईक ‘लाकूड दाखवा’ म्हणालं की अब्बा विचारायचे, ‘कशाचं?’ म्हणजे बाकाचं द्रव्य असलेल्या लाकडालाही आधीच स्वतःचं एक रूप आहे. त्या लाकडाच्या खाली माती-पाणी, त्यांनाही आपापलं रूप. असं उतरत गेलं तर तळाशी काय सापडेल? ज्याला कसलंच रूप नाही असं काहीतरी, जे काहीही नाही पण काहीही होऊ शकतं. थॉमस त्याला निव्वळ शक्यता म्हणतो. ते एकटं कधीच सापडत नाही. ईश्वरालासुद्धा रूपावाचून द्रव्य निर्माण करता येणार नाही, असं तो म्हणतो, कारण ते बोलणंच स्वतःला खोडतं. त्याच्यानंतरचा स्कॉटलंडचा जॉन डन्स स्कोटस मात्र म्हणतो की द्रव्याला स्वतःचं थोडंफार असतेपण आहे. ईश्वरानं मनात आणलं तर ते उघडंही राहू शकेल.

शब्दांची एक गंमत सांगतो. कवीला तेवढी सूट असावी. ग्रीकमध्ये द्रव्याला ‘हूली’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा साधा अर्थ लाकूड. लॅटिनमधला ‘मातेरिआ’सुद्धा मुळात इमारती लाकूडच. म्हणजे तत्त्वज्ञानातलं हे सगळं जडजंबाल वखारीतूनच निघालं आहे. ग्रीक शब्द अरबीत गेला तो ‘हयूला’ झाला, आणि रूपासाठी अरबांनी शब्द वापरला ‘सूरत’. उर्दू शायरीत सूरत चेहरा झाली, आणि हयूला झाला धुक्यात दिसणारा अंधूक आकार, जवळजवळ भूत. ज्याला मुळीच आकार नाही त्याचं नाव शेवटी एका आकृतीलाच चिकटलं. शब्द तत्त्वज्ञांचं ऐकत नाहीत.

हे सगळं युरोपला सरळ ग्रीसमधून मिळालं नाही. फार मोठा भाग अरबीतून आला. इब्न सीना १०३७ साली वारले. त्यांनी म्हटलं होतं की द्रव्यावर सर्वांत आधी ‘देहपणाचं’ रूप चढतं. लांबी-रुंदी-खोली घेऊ शकणारं काहीतरी आधी तयार होतं, बाकीचं नंतर. ही कल्पना बाराव्या शतकात टोलेडो शहरात लॅटिनमध्ये उतरली आणि तिच्यावर पुढं दोनशे वर्षं खल चालला.

त्याच टोलेडोत आणखी एक पुस्तक लॅटिनमध्ये आलं, आणि इथं मला जरा थांबायचं आहे. पुस्तकाचं नाव ‘जीवनाचा झरा’. गुरू-शिष्यांचा संवाद, मूळ अरबीत लिहिलेला. लेखकाचं नाव लॅटिन हस्तलिखितांत कुठं ‘अविसेब्रॉन’, कुठं ‘अवेन्सेब्रोल’. त्यात म्हटलं होतं की ईश्वर सोडून जे जे आहे त्या सगळ्यात द्रव्य आणि रूप दोन्ही आहेत, देवदूतांतसुद्धा. आणि एका वस्तूत एकावर एक अनेक रूपं थरांसारखी बसलेली असतात. पुस्तकात कुठल्याही धर्मग्रंथातला एकही दाखला नाही. त्यामुळं लेखक कोण हे लॅटिन वाचकांना कळेना. बहुतेकांनी त्याला मुसलमान मानलं. पॅरिसचा बिशप विल्यम याला ते पुस्तक इतकं आवडलं की लेखक अरबी लिहिणारा ख्रिस्तीच असणार, असा त्यानं कयास बांधला. १८४६ साली सालोमन मुंक या ज्यू विद्वानानं जुन्या हिब्रू उताऱ्यांशी लॅटिन मजकूर ताडून पाहिला आणि सातशे वर्षांचं कोडं सुटलं. हा अविसेब्रॉन म्हणजे मालागाला १०२१ च्या सुमारास जन्मलेला सोलोमन इब्न गबिरोल, ज्याच्या हिब्रू कविता सिनेगॉगमध्ये आजही म्हणतात. तो ज्यू कवी होता.

मला ही गोष्ट फार आवडते, आणि त्याचं कारण उघड आहे. गेली तीस वर्षं कविसंमेलनात माझं नाव पुकारलं की कुणीतरी शेजाऱ्याला विचारतं, ‘हे उर्दूत म्हणणार का?’ मी मराठीत म्हणतो. मग चहाच्या वेळी कुणी प्रेमानं सांगतं, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ मी हसतो. इब्न गबिरोलला तर सातशे वर्षं लॅटिन वाचक या पुस्तकामागं ओळखू शकले नाहीत.

तर इब्न गबिरोलच्या या ‘अनेक रूपां’ना फ्रान्सिस्कन पंथाचे पंडित धरून बसले. माणसात आधी देहपणाचं रूप, त्यावर झाडासारखं वाढण्याचं, त्यावर प्राण्यासारखं संवेदनेचं, आणि सर्वांवर बुद्धीचं. या मताला थॉमस अक्वायनसनं विरोध केला. थॉमस डॉमिनिकन होता. त्याचं म्हणणं, एका वस्तूचं असतेपण एकाच रूपातून येतं. देह जर आधीच देह म्हणून पुरा झाला असेल, तर नंतर येणारा आत्मा त्याच्यावर रंगासारखा चढेल. रंग आला काय, गेला काय, भिंत भिंतच राहते. मग माणूस एक वस्तू राहत नाही, जोडकाम होतं. म्हणून एकच रूप, एकच आत्मा; तोच वाढवतो, तोच जाणतो, तोच विचार करतो, आणि हाडामांसाला हाडमांसही तोच करतो.

माणसाच्या एकपणाचा इतका कडक आग्रह त्याआधी फारसा कुणी धरला नसेल. मन उच्च आणि देह हलका, ही वाटणीच थॉमसनं मोडून टाकली. पण याची किंमत स्मशानात मोजावी लागते. तो एकमेव आत्मा गेला की हाडाला हाड करणारं काहीच उरत नाही. त्या क्षणी द्रव्यावर नवं, प्रेताचं रूप येतं. समोर पडलेला देह हा जिवंत माणसाचा देह नव्हे. दिसायला तसाच, पण वस्तू दुसरी. आमच्या फुफीनं तासाभरात शब्द बदलला तो थॉमसच्या मते बरोबरच होता.

आता मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाचा विचार करा. त्याच्या गावच्या चर्चमध्ये संताचं हाड चांदीच्या पेटीत ठेवलेलं आहे. त्यासमोर तो गुडघे टेकतो, आजारी मूल आणून ठेवतो. ते हाड संताचं नव्हेच का? थॉमसनं उत्तर दिलं आहे आणि ते प्रामाणिक आहे : रूप बदलल्यामुळं मृतदेह तोच नाही, पण द्रव्य तेच आहे आणि ते पुन्हा त्याच आत्म्याला मिळायचं आहे, म्हणून आदर करायचा. त्याहून अवघड प्रश्न ख्रिस्ताच्या देहाचा. क्रुसाबद्दल आमच्या घरची श्रद्धा वेगळी आहे, पण इथं तो मुद्दा नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणं तो देह शुक्रवारपासून रविवारपर्यंत कबरीत होता. तो त्याचाच देह होता की दुसरा? थॉमस म्हणाला, त्याचाच. कारण ईश्वरी व्यक्तीशी असलेलं त्याचं नातं मरणानंही तुटलं नाही. विरोधकांना ही पळवाट वाटली.

१८ मार्च १२७७ रोजी कँटरबरीचा आर्चबिशप रॉबर्ट किलवर्डबी यानं ऑक्सफर्डमध्ये ३० विधानं शिकवण्यावर बंदी घातली. व्याकरणातली ४, तर्कशास्त्रातली १० आणि निसर्गविद्येतली १६. एकाच रूपाच्या मताशी जुळणारी विधानं या शेवटच्या गटात होती. जो मास्तर ती शिकवेल त्याचं मास्तरपद जाईल, आणि जो होऊ घातलेला असेल त्याला ते मिळणार नाही. चमत्कारिक गोष्ट अशी की किलवर्डबी स्वतः थॉमसच्याच पंथातला, डॉमिनिकन. थॉमस जाऊन तीन वर्षं झाली होती. पंथातल्याच एकानं नापसंती कळवली, तेव्हा किलवर्डबीनं पत्रानं खुलासा केला की मी कुणाला पाखंडी ठरवलेलं नाही, फक्त शाळेत हे शिकवू नका म्हणतोय. फक्त शिकवू नका! बंदी घालणाऱ्याचा सूर सगळीकडे किती सारखा असतो.

त्याच्यानंतर आर्चबिशप झाला फ्रान्सिस्कन जॉन पेकम. तरुणपणी पॅरिसमध्ये त्यानं थॉमसशी याच प्रश्नावर जाहीर वाद घातला होता. त्या वादाच्या दोन हकिकती आहेत. पेकमनं स्वतः पुढं लिहिलं की सगळे थॉमसवर तुटून पडले तेव्हा मी एकटा त्याच्या बाजूला उभा राहिलो. थॉमसला संतपद देण्याच्या चौकशीत दुसऱ्या बाजूनं साक्ष झाली की पेकम फुगीर शब्दांत टोचत राहिला आणि थॉमस नम्रपणे उत्तरं देत राहिला. कुणाचं खरं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. पेकमनं १२८४ मध्ये ती बंदी नव्यानं बजावली आणि ३० एप्रिल १२८६ रोजी लंडनमध्ये ८ विधानं थेट पाखंडी ठरवली. रोख होता ऑक्सफर्डच्या रिचर्ड नॅपवेल या डॉमिनिकन मास्तरावर. त्याला बहिष्कृत केलं गेलं. तो दाद मागायला रोमला गेला. पण १२८८ मध्ये पोपच्या गादीवर आला चौथा निकोलस, त्या गादीवर बसलेला पहिला फ्रान्सिस्कन. त्यानं नॅपवेलला या विषयावर कायमचं गप्प बसायला सांगितलं.

नॅपवेलचं काय चुकलं होतं? मेलेल्या माणसाचा देह तोच राहत नाही, एवढंच तो म्हणत होता. श्रोतेहो, त्याचं मत मला पटत नाही. मी तो वण पाहिलेला आहे. पण एवढ्यासाठी बोलायची बंदी? वाद वादानं संपायला हवा होता.

आणि तो वाद चालूच राहिला, हे महत्त्वाचं. उत्तम युक्तिवाद बंदी घालणाऱ्यांकडून आला नाही, तो स्कोटसकडून आला. स्कोटस १३०८ साली कलोनला वारला, चाळिशी जेमतेम ओलांडलेली. तो म्हणतो, माणूस बुडून मरो, सुरीनं मरो की आणखी कशानं. मागं राहतं ते प्रेत एकाच जातीचं. आता पाणी आणि सुरी ही इतकी वेगळी कारणं. मरणाच्या क्षणी जर ती नवं रूप घडवत असतील, तर दर वेळी नेमकं तेच रूप कसं घडतं? सरळ उत्तर असं की काही नवं घडतच नाही. देहपणाचं रूप आधीपासून होतं, आत्मा गेल्यावर ते मागं राहतं. फार दिवस नाही, कारण एकटं ते टिकत नाही, देह विरघळायला लागतो. पण काही काळ राहतं. इब्न सीनांचा देहपणा आणि इब्न गबिरोलचे थर आता एका स्कॉटिश साधूच्या हाती नव्या कामाला लागले होते.

वाचताना मी इथं पुस्तक मिटून ठेवलं होतं. म्हणजे वण अब्बांचाच होता. मी धुतला तो त्यांचाच हात होता.

चर्चनं पुढं १३१२ साली व्हिएनच्या परिषदेत एवढंच ठरवलं की बुद्धिमान आत्मा हा स्वतःच देहाचं रूप आहे. रोख होता पीटर ऑलिवी या फ्रान्सिस्कनवर. त्याला मरून तेव्हा चौदा वर्षं झाली होती. नार्बोनमधल्या त्याच्या कबरीवर लोक गर्दी करत. १३१८ मध्ये ती कबर मोडून टाकली. मेलेला देह नावापुरता असेल तर कबर मोडायची गरज काय, हे कुणी मोडणाऱ्यांना विचारायला हवं होतं. रूप एक की अनेक, हे मात्र परिषदेनं सांगितलं नाही, आणि दोन्ही पक्षांनी तो ठराव आपल्याच बाजूचा मानला. पुढं ऑकमचा विल्यम अनेक रूपांच्या बाजूनं लिहीत राहिला. थॉमसला १३२३ साली संतपद मिळालं, आणि त्याचं मत त्याच्या पंथात घट्ट झालं.

थॉमसच्या देहाचं काय झालं, तेही सांगायला हवं. ७ मार्च १२७४ रोजी प्रवासात तो फोसानोव्हाच्या मठात वारला. तो मठ दुसऱ्या पंथाचा. तिथल्या साधूंनी देह जवळजवळ ९५ वर्षं सोडला नाही. डॉमिनिकनांनी तो मागत राहायचं आणि यांनी टाळत राहायचं. शेवटी पोपच्या हुकमानं १३६९ मध्ये त्याचे अवशेष तुलूझला पोचले. ज्यानं आयुष्यभर शिकवलं की हे फक्त द्रव्य आहे, त्याच्याच शिष्यांनी त्या द्रव्यासाठी पाऊण शतकाहून जास्त पाठपुरावा केला. यात मी त्यांना हसत नाही.

अशीच एक हकिकत इब्न रुश्द यांची. ॲरिस्टॉटलचे सर्वांत मोठे भाष्यकार. इब्न सीनांचं ते देहपणाचं रूप त्यांना मान्य नव्हतं. ते ११९८ साली मराकेशला वारले आणि तिथंच दफन झालं. मग काही महिन्यांनी देह उकरून त्यांच्या कॉर्डोबा गावी न्यायचं ठरलं. तरुण इब्न अरबी तिथं हजर होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे की जनावराच्या पाठीवर एका बाजूला पेटी लादली आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला इब्न रुश्दांचीच पुस्तकं. आपल्याकडे बैलावर गोणी लादताना करतात तसं. तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणी म्हटलं नसेल की या पेटीत इब्न रुश्द नाहीत, नुसता हयूला आहे. देह गावी न्यायचा होता. माती गावची हवी होती.

आमच्याकडे त्या सकाळी चाचांनी गुस्लचं पाणी ओतण्याआधी बादली माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, ‘बेटा, हात घालून बघ. अब्बाला फार गरम नको व्हायला.’ मी मनगटाच्या मागच्या बाजूनं पाहिलं, लहान मुलाच्या अंघोळीला पाहतात तसं. जरा गरम होतं. तांब्याभर गार पाणी ओतलं, आणि मग त्यांचा डावा हात उचलला.